चार ट्रॅकची कॅसेट: आधी हेड, मग सॉफ्टवेअर

पोर्टास्टुडिओवर, म्हणजे घरी चार ट्रॅकचं रेकॉर्डिंग करायच्या कॅसेट मशीनवर, भरलेली कॅसेट साध्या डेकवर संथ वाजते, त्यात उलटे आवाज येतात, तर ते सॉफ्टवेअरने निस्तरावं का, असा प्रश्न आहे. माझं मत: शक्यतो नको, चार ट्रॅकचं मशीनच मिळवा. टास्कॅम कंपनीचं १९७९ चं पोर्टास्टुडिओ १४४ चारही ट्रॅक एकाच दिशेने आणि साध्या डेकच्या दुप्पट वेगाने, सेकंदाला साधारण ९.५ सेंमी, भरायचं. साध्या डेकला त्यातले दोनच नीट दिशेने सापडतात.

मशीन मिळालं की आधी हेड (टेप वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग अ‍ॅझिमथ, म्हणजे टेपशी हेडचा कोन, जुळवा. हेडशेजारचा स्क्रू अगदी किंचित फिरवत झांजेचा आवाज ऐका. ज्या जागी झणत्कार सर्वात मोकळा होतो, तिथे थांबा. मूळ जागेची खूण मात्र आधी करून ठेवा. इथे हरवलेला ट्रेबल (उंच पट्टीचा आवाज) नंतर इक्वलायझरने खरा परत येत नाही, नुसती खरखर वाढते.

रेकॉर्डिंग डीबीएक्सने (टेपची खरखर दाबणारी पद्धत) केलेलं असेल तर डीकोड न करता शांत जागी खरखर उसळून वर येते. म्हणून डीकोडिंग आधी, बाकी सफाई नंतर. आणि चारही ट्रॅक एकाच वेळी, २४ बिटमध्ये कॉम्प्युटरवर उतरवा. दोन फेऱ्यांत टेपचा वेग तंतोतंत सारखा राहत नाही, ताल सुटतो.