शब्दचर्चा: ब्रिजमधल्या ‘निगेटिव्ह डबल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न, परभणीहून

रात्रीची जेवणं झाली की आम्ही चौघं ऑनलाइन ब्रिज खेळायलोत. सगळे मेंढीकोटवर वाढलेले, त्यामुळं हुकूम, हात, भिडू, उतारी कुणाला शिकवावी लागली नाही. अडतंय ते बोलीत, म्हणजे किती हात करू आणि हुकूम कोणता हे आधी सांगण्यात. मी मराठीत टिपणं काढायलोय, त्यात ‘निगेटिव्ह डबल’ला ‘नकारात्मक दुप्पट’ लिहिलं. आता आमच्यातला एकजण पानं भिकार आली की डबल म्हणायलाय. वर म्हणतो, नकारात्मकच आहे की! शब्द चुकला का समज?

उत्तर, लातूरहून

शब्दानंच समज चुकवली. हा नकार हातातल्या पानांबद्दलचा नाही, डबलच्या मूळ अर्थाबद्दलचा आहे. डबल म्हणजे एरवी ‘तुमचा करार (शेवटी ठरलेली बोली) बुडणार, दंड वाढवून लावा’. निगेटिव्ह डबल म्हणणाऱ्याला दंड नको असतो. त्याच्याकडं सांगण्यासारखी पानं असतात, पण मधल्या बोलीनं जागा खाल्लेली असते.

एक हात मांडतो. भिडूनं एक चौकट बोलली (म्हणजे चौकट हुकूम, सहावर एक असे सात हात), तुमच्या उजवीकडच्यानं एक इस्पिक. तुमच्याकडं:

इस्पिक ७-३
बदाम राजा-गुलाम-८-४
चौकट ९-६-२
किलवर एक्का-१०-७-५

आठ गुण (एक्क्याचे चार, राजाचे तीन, गुलामाचा एक). पास म्हणावं तर भिडूला वाटणार, ह्याच्याकडं काहीच नाही. दोन बदाम बोलायला निदान पाच बदाम आणि साधारण दहा गुण लागतात. एक बिनहुकमी बोलावं तर इस्पिकला अडवायला सत्तीच्या वर पान नाही. मग डबल: ‘भिडू, बदामाची चार पानं आहेत, किलवरही आहे, तुझं काय?’ त्याच्याकडं चार बदाम असले तर साध्या हातावर तो दोन बदाम म्हणेल, जोरदार हात असला तर उडी मारून तीन. तुमच्या मित्राला सांगा, पहिल्या पातळीवर, म्हणजे समोरच्याची बोली एकची असेल तर, ह्या डबलला किमान सहा गुण लागतात, दुसऱ्या पातळीवर आठ-नऊ. भिकार पानांना पासच बरा.

ही पद्धत अमेरिकेच्या ॲल्विन रॉथनं १९५७ साली आणली. त्याच वर्षी रशियानं स्पुटनिक सोडलं, म्हणून कित्येक वर्षं लोक हिला ‘स्पुटनिक डबल’च म्हणायचे. टिपणांत मी तरी ‘बोलका डबल’ लिहीन आणि दुसऱ्याला ‘दंडाचा डबल’.

नांदेडहून

‘बोलका’ आवडला. पण भिडूला बोलायला लावणारा टेकआउट डबलही बोलकाच ना दादा? ब्रिजच्या सुरुवातीच्या काळात त्यालाही निगेटिव्ह डबलच म्हणायचे.

आणि ‘दुप्पट’ काढलं ते बरं केलं. नाहीतर डबलवरच्या डबलला, म्हणजे रीडबलला, ‘चौपट’ म्हणावं लागलं असतं, आणि आमच्या टेबलावर ते बहुतेक वेळा खरंच होतं.

‘हुकूम’ही जपून लिहा. आपल्याकडं हिंदी-उर्दूत पत्ते खेळलेल्या मंडळींना हुकमाचा एक्का म्हणजे इस्पिकचा एक्का. ब्रिजमध्ये हुकूम दर डावाला बोलीनं ठरतो. नवख्यासमोर हे दोन अर्थ एकाच पानावर आले की गोंधळ ठरलेला.

लातूरहून पुन्हा

बरोबर आहे तुमचं. फरक बसण्याच्या जागेचा. समोरच्यांनी बोली उघडल्यावर आपण म्हणतो तो टेकआउट. आपल्या भिडूनं उघडली, मध्ये समोरचा घुसला आणि मग आपण म्हणतो तो निगेटिव्ह. तेव्हा ‘बोलका’ हे दोघांचं आडनाव समजा. टेबलावर ‘निगेटिव्ह’च म्हणा, सगळे तेच म्हणतात.

एक बारकावा टिपून ठेवा. भिडूनं एक किलवर, उजवीकडून एक बदाम. तुमच्याकडं इस्पिकची चारच पानं असतील तर डबल, पाच असतील तर सरळ एक इस्पिक. एवढ्यावरनं भिडूला पानांची संख्या कळते. जुन्या दंडाच्या अर्थात ही सोय नव्हती.

परभणीहून

आता पेटलं डोक्यात! पण समोरच्यानं इस्पिक बोललं आणि माझ्याकडंच इस्पिकचा राजा-गुलाम-१०-९-६ बसलेत, तर दंड करायचाच नाही का?

लातूरहून

करायचा, पण घाई नाही. तुम्ही पास म्हणा, आणि चेहरा सरळ ठेवा, लांब श्वास सोडू नका. पुढचाही पास म्हणाला की बोली भिडूकडं येते. त्याच्या हातात इस्पिक एखाद-दुसरंच असलं, की तो ओळखतो ही पानं कुठं साठलीत, आणि स्वतः डबल म्हणतो. त्यावर तुम्ही परत पास. आता तोच डबल दंडाचा झाला. समोरचे व्हल्नरेबल (म्हणजे दंड जास्त बसतो अशा स्थितीत) असताना दोन हात कमी पडले तर ५०० गुण तुमचे.

मात्र त्यासाठी भिडूला हे माहीत पाहिजे. कितव्या पातळीपर्यंत डबल निगेटिव्ह धरायचा, ते खेळायच्या आधी दोघांनी ठरवून घ्या. बरेच जण तीन इस्पिकपर्यंत ठेवतात, नवख्या जोडीला दोन इस्पिकपर्यंत पुष्कळ झालं. आणि समोरच्यांनी अर्थ विचारला तर तो सांगावा लागतो, ब्रिजमध्ये भिडूशी गुपित चालत नाही.