सिम्सन रेषेवाला मास्तर खरंच बायंडर होता का?

बोळातला_बायंडर
आप्पा बळवंत चौकामागच्या बोळात माझं बायंडिंगचं दुकान आहे. परवा लायब्ररीचं एक जुनं भूमितीचं पुस्तक शिवायला आलं. खळ वाळेपर्यंत मुलगी पानं चाळत बसली होती. नववीत आहे, गणित स्पर्धेच्या क्लासला जाते. म्हणाली, "बाबा, ही सिम्सन रेषा सिम्सनची नाहीच. विल्यम वॉलेस नावाच्या स्कॉटिश मास्तरची आहे, आणि तो तुमच्यासारखा बायंडर होता." मला वाटलं, चेष्टा करतेय. खरं आहे का? बावीस वर्षांत हजारो पुस्तकं शिवली मी, वाचलेली बोटावर मोजण्याइतकी. हा गणितात शिरला कसा?

निवृत्त_मास्तर
पोरगी बरोबर आहे. वॉलेस 1768 चा, स्कॉटलंडच्या फाइफमधल्या डायसार्टचा. घर एडिंबरोला आल्यावर बायंडरकडे उमेदवारीला लागला. शाळा जेमतेम, गणित आपलं आपणच शिकला. पुढे छापखान्याच्या गोदामात असताना लॅटिन, पुस्तकाच्या दुकानात असताना फ्रेंच. ही फ्रेंच फार कामी आली, कारण तेव्हा नवं गणित फ्रान्सात होत होतं. 1794 मध्ये पर्थ अकॅडमीत साहाय्यक शिक्षक, 1803 मध्ये सैनिकी कॉलेजात, 1819 मध्ये एडिंबरो विद्यापीठात प्राध्यापक.

रेषेचं म्हणाल तर ती त्याने 1799 मध्ये छापली, पर्थला शिकवत असताना. ज्याच्या नावाने ती ओळखली जाते तो स्कॉटिश गणितज्ञ रॉबर्ट सिम्सन वारला तेव्हा वॉलेस आठ दिवसांचा होता! सिम्सनच्या लिखाणात ती सापडत नाही, हे दाखवून दिलं जॉन स्टर्जन मॅके यांनी. तेही शाळामास्तरच, एडिंबरो अकॅडमीतले. 1883 मध्ये निघालेल्या एडिंबरोच्या गणित मंडळाचे पहिले अध्यक्ष. नाव मात्र सिम्सनचंच चिकटलं ते चिकटलं. आम्हीही वर्षानुवर्षं तसंच शिकवलं.

पडताळा घ्या. त्रिकोणाचं परिवर्तुळ, म्हणजे तिन्ही शिरोबिंदूंतून जाणारं वर्तुळ, काढा, त्यावर कुठेही एक बिंदू घ्या, तिन्ही बाजूंवर लंब टाका. बाजू कमी पडली तर वाढवा. लंब बाजूंना जिथे टेकतात ते तिन्ही बिंदू, म्हणजे लंबपाद, एका रेषेत येतात. हीच ती रेषा.

नकाशेवाला
आम्हा ड्राफ्ट्समन लोकांना वॉलेस दुसऱ्या कारणाने ठाऊक. नकाशा लहानमोठा करून उतरवायला त्याने 1821 मध्ये आयडोग्राफ काढला. याच कामाच्या पेंटोग्राफ नावाच्या उपकरणातल्या पट्ट्यांचे सांधे ढिले झाले की रेघ थरथरते, मी आयुष्यभर शिव्या घातल्यात. वॉलेसने दोन सारखी चाकं पोलादी पट्टीने जोडली, त्यामुळे दोन्ही हात कायम समांतर फिरतात. हातात कारागिरी असल्याशिवाय असलं सुचत नाही.

बोळातला_बायंडर
मास्तर, आभारी आहे. काल दुकान बंद करून पुठ्ठ्यावर काढून पाहिलं. पहिल्यांदा मधला लंबपाद दोन मिलिमीटर बाहेर गेला. मुलगी म्हणाली, पेन्सिल बोथट आहे. मग दाभणाने टोचून बिंदू घेतले आणि स्टीलची पट्टी लावली. तिन्ही बरोब्बर पट्टीखाली! पुठ्ठा गिऱ्हाइकाच्या थिसिसचा होता, तेवढा आता नवीन कापावा लागेल.