दाढांतली कीड एसडीएफ लावूनही मऊच राहते, कुठे चुकतंय?

तालुका_दंतवैद्य:
आश्रमशाळेत ४ ते ८ वर्षांच्या मुलांना ३८% सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड (एसडीएफ, कीड थांबवणारं चांदीयुक्त द्रावण) लावणं चालू आहे. खुर्ची नाही, दात वाळवायला हवा मारणारा कॉम्प्रेसर नाही. पुढचे दुधाचे दात काळे आणि कडक झालेत, दाढा मात्र प्रोबला (तपासायच्या टोकदार सळीला) अजून मऊ लागतात. मात्रा वाढवावी की वेळ? आणि काळ्या डागांवरून पालक कुरकुरतात, त्यांना काय सांगायचं?

बालदंत_पुणे:
मात्रा वाढवू नका. एका भेटीत दर १० किलो वजनामागे १ थेंब ही मर्यादा धरा. एका थेंबात चार-पाच दात सहज होतात.

दाढांचा निकाल पुढच्या दातांपेक्षा कमीच येतो, कारण खड्ड्यात घास अडकतो आणि ब्रश पोचत नाही. पण कॉम्प्रेसर नाही म्हणताय, तर पहिला संशय ओलाव्यावर. लाळेत द्रावण पातळ होतं, चांदी आत मुरतच नाही. क्रम असा ठेवा: ओठांना व्हॅसलिन, दोन्ही बाजूंना कॉटन रोल, अडकलेलं अन्न काढणं (मऊ डेंटिन, म्हणजे इनॅमलखालचा थर, कोरायची गरज नाही), मग कोरड्या बोळ्याने दोन-तीनदा टिपणं. मायक्रोब्रशने (बारीक टोकाच्या ब्रशने) लावून पूर्ण एक मिनिट जागा त्याच द्रावणाने ओली ठेवा, जास्तीचं टिपून घ्या. घाईत दहा सेकंदात उरकलं जातं, तेच नडतं.

थेंब प्लास्टिकच्या डॅपन डिशमध्ये (छोट्या वाटीत), लावायच्या क्षणीच काढा. आधी काढून ठेवलात तर अमोनिया उडतो आणि द्रावण बिघडतं. बाटली उजेडात नको, धातूची वाटी तर नकोच.

दोन ते चार आठवड्यांनी तपासा. नुसता काळा रंग पुरेसा नाही, प्रोबला कडक लागलं पाहिजे. मऊ असेल तर पुन्हा लावा.

जनआरोग्य_दंत:
वर्षातून किती वेळा लावता ते लिहिलं नाहीत. हाँगकाँगच्या ३० महिन्यांच्या चाचणीत (२०१८) ३८% द्रावण वर्षातून एकदा लावल्यावर ६६.९% कीड थांबली, दर सहा महिन्यांनी लावल्यावर ७५.७%. म्हणजे सगळं नीट करूनही चारातली एक जागा सुटते, त्यामुळे प्रत्येक मऊ दाढ म्हणजे तुमची चूक नव्हे. न्यूयॉर्कच्या शाळांमधल्या मोठ्या चाचणीत एसडीएफची तुलना सीलंट (दाढांच्या खाचा बुजवणारा लेप) आणि ग्लास आयोनोमर या दात भरायच्या सिमेंटच्या भरणीशी केली होती. तिथेही ते मागे पडलं नाही.

एंडो_कोल्हापूर:
दाढ निवडतानाच गाळणी लावा. रात्री आपोआप दुखतं, हिरडीवर पुळी आहे, सूज आहे किंवा पल्प (दातातला नसांचा गाभा) उघडा पडलाय, तर एसडीएफ नाही; ती दाढ पल्पच्या उपचाराला किंवा काढायला पाठवा. चांदीची ॲलर्जी किंवा हिरडीला व्रण असतील तरीही नाही.

दोन दाढांच्या मधल्या खड्ड्यात नुसतं एसडीएफ माझ्या मते अर्धवट काम आहे. कीड थांबली तरी घास अडकतच राहतो. पुढच्या भेटीत त्यावर आपोआप घट्ट होणारं ग्लास आयोनोमर भरा. लाइट क्युअर (दिव्याच्या उजेडाने घट्ट करणं) टाळा, त्या उजेडाने डाग आणखी गडद होतो.

तालुका_दंतवैद्य:
वर्षातून एकदाच लावत होतो. आता सहा महिन्यांवर आणतो. डाग कमी करायला एसडीएफवर पोटॅशियम आयोडाइड लावावं का?

बालदंत_पुणे:
डाग सुरुवातीला कमी दिसतो, पण पुढे तो परततोच असा अनुभव आहे. शिबिरात वाढीव खर्च करू नका. थायरॉइडचा त्रास असेल तर वापरूच नका. संमती घेतानाच काळ्या दातांचे फोटो दाखवा आणि सांगा, निरोगी इनॅमल काळं होत नाही, फक्त किडलेली जागा होते. त्वचेवरचा डाग एक-दोन आठवड्यांत जातो, गणवेशावरचा जात नाही. तेव्हा मुलाच्या छातीवर प्लास्टिकचा ॲप्रन घालाच.