मदत हवी आहे: ११० वी मराठा पलटण, कूत (१९१६), पणजोबांची मृत्युतिथी

नमस्कार. माझी आजी ब्याण्णव वर्षांची आहे. तिच्या सासऱ्यांचं, म्हणजे माझ्या पणजोबांचं श्राद्ध आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सर्वपित्रीलाच घालतो, कारण तिथी माहीत नाही. "बसऱ्याच्या लढाईत गेले" एवढंच घरात बोललं जातं. यंदाच्या पितृपक्षाआधी आजीला तिथी सांगता यावी अशी फार इच्छा आहे.

हाताशी आहे ते एक चांदीचं पदक. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला उघडा घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही सालं. कडेवर इंग्रजीत नंबर, शिपाई, नाव आणि पलटण ११० मराठा. पणजी दर दसऱ्याला पदक राखेने घासायची, त्यात नंबर झिजला. भिंगाखाली पहिला २ आणि शेवटचा ७ दिसतो, मधले दोन आकडे गेलेत.

वाचून कळलं ते असं. पहिल्या महायुद्धात ही पलटण ब्रिटिशांच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. बगदादजवळच्या टेसिफॉनहून माघार घेतल्यावर ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी कूतला (आजच्या इराकमधलं गाव) वेढा घातला. शेवटी घोडे कापून खायची पाळी आली, पण आपल्या बऱ्याच शिपायांनी ते मांस कितीतरी दिवस शिवलंसुद्धा नाही. २९ एप्रिल १९१६ ला डिव्हिजनचा ब्रिटिश जनरल टाउनशेंड शरण गेला, तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली. कैदी शिपायांना बगदाद, मोसूलवरून पायी हाकत आजच्या सीरियातल्या रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामाला जुंपलं.

पणजोबा वेढ्यात गेले, वाटेत की कैदेत, तेच कळत नाही. पणजीने कुंकू पुसलं ते थेट १९१९ मध्ये, शेजारच्या वाडीतला एक जण कैदेतून सुटून आला आणि आमच्या ओटीवर बसून त्याने सांगितलं तेव्हा. तोवर ती रोज कुंकू लावत होती. त्याने सांगितलेलं ठिकाण मात्र कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) साइटवर याच पलटणीत त्याच नावाचे तीन शिपाई सापडले. दोघांचे नंबर जुळू शकतात, पण तारखा वेगळ्या. यातले आमचे कोणते, हे कसं ठरवू? गाव गुहागरजवळ आहे. बेळगावच्या मराठा सेंटरला पत्र लिहू का?

प्रतिसाद १:
ताई, आधी एक विनंती, पदक आता अजिबात घासू नका. कडेवर पातळ कागद धरून मऊ पेन्सिल हलकी फिरवा, झिजलेले आकडेही कधीकधी उमटतात. त्या साइटवर बऱ्याच शिपायांच्या नोंदीत वडिलांचं नाव आणि गाव असतं, ते दोन्ही नोंदींत पाहा. गुहागर तेव्हा चिपळूणचा पेटा (तालुक्याचा पोटविभाग) होता, म्हणून तालुका चिपळूण दिसेल. गावाच्या नावातल्या ळ आणि ण चं इंग्रजीत काय झालं असेल सांगता येत नाही, तेव्हा मोठ्याने वाचून बघा. बेळगावला जरूर लिहा, पण ११० वी पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली आणि तीच आजची २ पॅरा (पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन), हेही पत्रात घाला. तारीख मिळाली की त्या वर्षीच्या पंचांगावरून तिथी निघेल.

धागाकर्ती:
खूप आभार दादा. एका नोंदीत तालुका चिपळूणच आहे! वडिलांचं नाव आजीला विचारते, ती आत्ता झोपली आहे. छापही घेतला, तिसरा आकडा ४ किंवा ९ वाटतोय. उजेडात फोटो काढून सकाळी टाकते.