साठची गोळी दहाच्या आत विकता येते, तर आजवर साठला का घेतली?

ऐरोलीची लेक
काल इथे एकांनी लिहिलं की रविवारी पाचशेचा पिझ्झा मागवणारे औषधाच्या दोनशेच्या बिलावर बोंबलतात, कंपन्यांनी चार पैसे कमावले तर बिघडलं कुठे. रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

बाबा रबाळ्याच्या एमआयडीसीतून रिटायर झाले. पेन्शन तीन हजारांच्या आत. साखर आणि हार्ट, दोन्ही मागे लागलेलं. डॉक्टरांनी एम्पाग्लिफ्लोझिन ही साखरेची आणि हार्टलाही उपयोगी पडणारी गोळी लिहून दिली. एक गोळी साठच्या घरात, म्हणजे महिन्याला अठराशे. मार्च २०२५ मध्ये तिचं पेटंट, म्हणजे एकाच कंपनीचा विकायचा हक्क, संपलं आणि काही कंपन्यांनी तेच औषध दहा रुपयांच्या आत आणलं. त्याआधी बाबा कितीतरी महिने एक दिवसाआड गोळी घेत होते. आईने कपाटातली पाकिटं मोजली तेव्हा आम्हाला कळलं. विचारलं तर म्हणाले, "तुमच्यावर भार नको."

पिझ्झा नको म्हणता येतो. चिठ्ठीवरचं नाव आम्ही निवडत नाही, किंमत आम्ही ठरवत नाही आणि न घेण्याची सोयही नाही. ह्याला बाजार म्हणू नका.

महाप्याचा क्वालिटीवाला
ताई, बाबांचं वाचून पोटात तुटलं. तरी उत्तर देतोच, कारण आम्ही औषध कंपनीत काम करणारे म्हणजे जणू दरोडेखोर, असं हल्ली जो तो बोलतो.

ज्यांनी दहाच्या आत विकली त्यांनी ती गोळी शोधली नाही. वर्षानुवर्षं माणसांवर चाचण्या घ्याव्या लागतात, त्यात बहुतेक औषधं बाद होतात. तो पैसा कुठून येणार? आणि भाववाढीचं म्हणाल तर अत्यावश्यक यादीतल्या औषधांची कमाल किंमत सरकार ठरवतं. एप्रिल २०२४ मध्ये वाढ मिळाली ०.००५५१ टक्के. शंभराच्या पाकिटावर अर्धा पैसा. त्याच वर्षी ऑक्टोबरात सरकारलाच ८ औषधांच्या कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवाव्या लागल्या, कारण त्या भावात बनवणं कंपन्यांना परवडेना. त्यात जंतुसंसर्गावरचं बेंझिल पेनिसिलिन होतं, सर्पदंशापासून कीटकनाशकापर्यंत कुठल्याही विषबाधेला लागेल ते ॲट्रोपिन होतं. गरिबाचीच औषधं ही. नफा उरला नाही तर आधी तीच गायब होतात.

नौपाडा, २२ वर्षं एमआर
ॲट्रोपिन सर्पदंशावर नाही, कीटकनाशकाच्या विषबाधेवर देतात. नाग चावला तर काही वेळा निओस्टिग्मिन ह्या दुसऱ्या औषधाच्या जोडीला देतात, तेवढंच. क्वालिटीत आहात, नीट लिहा.

आणि २०२४ चा आकडा पाठ आहे, मग त्याच्या आदल्या वर्षाचा का विसरलात? एप्रिल २०२३ मध्ये १२.१२ टक्के वाढ मिळाली होती. २०२२ मध्ये १०.७ च्या वर. शिवाय यादीबाहेरच्या औषधांवर दरवर्षी १० टक्क्यांपर्यंत वाढवायची मुभा आहेच.

संशोधनाचा खर्च मलाही कळतो, पण मी एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे जाऊन कंपनीची औषधं खपवणारा, आणि माझी बॅग संशोधनाने भरलेली नसायची. दिवाळीला डॉक्टरांच्या घरी काय पोचवलं, कोणाच्या परदेशवारीची तिकिटं काढली, हे मी स्वतः केलंय. आज सांगताना लाज वाटते. असल्या भेटींचा खर्च कंपन्या आयकरातून वजा करायच्या. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते चालणार नाही म्हणून सांगितलं. तो पैसा ह्या ताईंच्या वडिलांच्याच खिशातला होता.

महाप्याचा क्वालिटीवाला
ॲट्रोपिनचं चुकलं, मान्य. २०२३ चंही मान्य. पण दिवाळीच्या भेटी मार्केटिंगवाले वाटतात, प्लांटमधल्या माणसाला त्यातलं काही मिळत नाही. आमचे पगार बघा एकदा.

घोडबंदर रोड
तुम्ही सगळे कंपनीच्या मागे लागलात आणि खरा लुटारू सुटला. गेल्या पावसाळ्यात बायको आठ दिवस ॲडमिट होती. रोज तीन इंजेक्शनं, हॉस्पिटलच्याच मेडिकलमधून. बाहेरचं चालणार नाही म्हणाले. छापील किंमत साडेआठशे. मेहुणा स्टॉकिस्टकडे, म्हणजे औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याकडे, कामाला आहे, त्याने त्याच कंपनीचं तेच इंजेक्शन एकशे नव्वदला मिळेल असं सांगितलं. चोवीस इंजेक्शनांचा हिशोब तुम्हीच करा. छापील किमतीपेक्षा एक रुपया जास्त नाही, म्हणजे तक्रारीलाही जागा नाही.

हे काही माझ्या एकट्याचं नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये औषध किंमत प्राधिकरणाने दिल्लीकडच्या चार खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासली, तेव्हा मार्जिन १७३७ टक्क्यांपर्यंत निघालं होतं.

कोपरखैरणे मेडिकल
हॉस्पिटलने लुटायचं आणि शिव्या आम्ही खायच्या. यादीतल्या औषधावर दुकानदाराला १६ टक्के, बाकीच्यावर साधारण २०. त्यात भाडं, फार्मासिस्टचा पगार, फ्रिजचं लाइटबिल. वर गिऱ्हाईक मोबाइल दाखवून म्हणतं, ॲपवर २५ टक्के सूट आहे, तू किती देतोस? रात्री अकराला पोराला ताप आला की मात्र ॲप नाही, माझं शटर वाजवतात.

घोडबंदर रोड
तुमच्या शटरचं राहू द्या. जेनेरिकच्या पाकिटावर शंभर छापलेलं असतं, ते तुम्हाला कितीला पडतं? लिहा इथे.

कोपरखैरणे मेडिकल
आवाज चढवायचं काम नाही. मी छापलेलं नाही ते.

घोडबंदर रोड
आकडा विचारला, आवाज नाही.

कोपरखैरणे मेडिकल
काही पाकिटं पंचवीसला पडतात. झालं समाधान? मी साठला देतो. शेजारचा नव्वदला देतो, त्याला जाऊन विचारा.

नौपाडा, २२ वर्षं एमआर
साठला देता हे चांगलंच आहे, पण पंचवीसच्या मालावर शंभर छापायची परवानगीच का असावी, हा प्रश्न उरतो. कॅन्सरच्या ४२ औषधांवर २०१९ मध्ये ३० टक्के मार्जिनची मर्यादा घातली, तेव्हा छापील किमती खाली आल्याच ना? हृदयाच्या नळीत बसवतात त्या स्टेंटचंही तसंच, २०१७ पासून कमाल किंमत आहे. ॲन्जिओप्लास्ट्या बंद पडल्या नाहीत.

ऐरोलीची लेक
हॉस्पिटलं आणि दुकानं ह्यात माझा मुद्दा वाहून गेला. क्वालिटीवाल्या दादांना एकच विचारते. आता घरात नऊ रुपयांची गोळी आहे आणि बाबा ती घ्यायला तयार नाहीत. म्हणतात, स्वस्तात काहीतरी कमी असणारच. इतकी वर्षं साठ मोजले, म्हणून साठचीच खरी वाटते. त्यात छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने मुलं दगावली, ती बातमी त्यांनी टीव्हीवर पाहिलेली.

महाप्याचा क्वालिटीवाला
छिंदवाड्याचं समर्थन कोणी करणार नाही. त्या औषधाची तपासणी धड झाली नाही, माझ्या धंद्याला काळिमा आहे तो.

बाबांना हे सांगा. आम्ही बॅचमधल्या सहा गोळ्या घेतो, ३७ अंशांच्या पाण्यासारख्या द्रावणात फिरवतो आणि ठरल्या मिनिटांत किती औषध सुटलं ते मोजतो. कमी भरलं की आणखी गोळ्या लावतो, तरी नाही बसलं तर बॅच बाहेर जात नाही. गोळी साठची की नऊची हे त्या मशीनला माहीत नसतं. नामांकित कंपनीची घ्या, पक्कं बिल घ्या, पाकिटावरचा बॅच नंबर जपून ठेवा आणि बदलण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला. पहिले काही आठवडे साखर घरी तपासत राहा. आकडे बघितले की त्यांचाच विश्वास बसेल.

आणि एक दिवसाआडचं मनाला लागलंय. पेटंट असतानाही भाव इतका ठेवायची गरज होती का, ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

ऐरोलीची लेक
सहा गोळ्यांचं आज जेवताना सांगते. नफ्याचं अजून पटलेलं नाही.