फ्रिजात इडलीचं पीठ आंबवतेय, कंट्रोलर 27 दाखवतो पण पीठ 32!

पीठवाली_पूर्वभाग
अशोक चौकाजवळ माझा घरगुती इडली-पिठाचा धंदा आहे. सोलापूरचा उन्हाळा काय सांगायचा, पारा चाळिशीच्या वर. रात्री दहाला वाटून ठेवलेलं पीठ चारलाच उतू जातं, इडली आंबटढाण. म्हणून जुना सिंगल डोअर फ्रिज घेऊन बाहेरून टेंपरेचर कंट्रोलर बसवला. त्यावर 27 दिसतं. काल वीस लिटरच्या पातेल्यात मधोमध थर्मामीटर खुपसला तर 32! कडेचं पीठ नीट, मधलं आंबट. त्यात कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद. गिऱ्हाईक तुटायला लागलंय ओ, काय चुकतंय?

फ्रिज_मिस्त्री
ताई, सेन्सर आत लोंबकळत सोडलाय ना? मग तो हवेचं तापमान सांगतो, पिठाचं नाही. पातेल्याला बाहेरून, पिठाच्या निम्म्या उंचीवर चिकटवा आणि वरून थर्माकोलचा तुकडा दाबून टेप मारा. कंट्रोलरमध्ये फरक (चालू आणि बंद होण्याच्या तापमानातलं अंतर) 1 अंश आणि डिले (पुन्हा चालू होण्याआधीची थांब) 5 मिनिटं ठेवा. बंद झालेला कॉम्प्रेसर लगेच चालू झाला की गॅसच्या दाबावर अडकतो, जळूही शकतो.

बेंगळुरूकर_सोलापुरी
मी ब्रूअरीत आहे. लागर (थंडाव्यात आंबवायची बीअर) आम्ही 10-12 अंशांवर आंबवतो, तिथंही सेन्सर टाकीलाच. यीस्ट जोरात असलं की आतला माल भोवतीच्या हवेपेक्षा गरमच असतो. पण बीअर पातळ, आतल्या आत फिरते. तुमचं पीठ घट्ट, जागचं हलत नाही, मधली ऊब बाहेर येणार कुठून? नुसता सेन्सर हलवून भागणार नाही, वीस लिटरचं पातेलं मोडून पाच-पाचचे चार डबे करा. आणि वाटताना बर्फाचं पाणी घाला, ग्राइंडरमध्येच पीठ तापतं.

पीठवाली_पूर्वभाग
तीन रात्री करून बघितलं. चार डबे, बर्फाचं पाणी, सेन्सर मधल्या डब्याला. मधे 28, कडेला 27. डब्यावर खडूनं रेघ मारली होती, पहाटे पाचला पीठ बरोबर रेघेला. चमचा घातला तर जाळी अशी सुरेख की बघत बसले. दोघांचे मनापासून आभार. आता गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) थंडीत काय करू? तेव्हा पीठ फुगतच नाही.

फ्रिज_मिस्त्री
कंट्रोलरला हीटिंगची वायर असेल तर तिच्यावर जुना 40 वॅटचा पिवळा बल्ब लावा. एलईडी नको, ती फारशी तापत नाही. बल्ब डब्यांपासून आणि प्लॅस्टिकपासून लांब ठेवा.