गोंडवाना विद्यापीठात अभ्यासाबरोबर गावपातळीवर काम करण्याची संधी कितपत मिळते?

प्रश्न : चामोर्शीहून पदवीसाठी गोंडवाना विद्यापीठात प्रवेश घेण्याचा विचार आहे. 2011 मध्ये स्थापन झालेल्या आणि चंद्रपूर-गडचिरोली या दोनच जिल्ह्यांपुरत्या विद्यापीठात विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर कितपत शिकायला मिळते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1 : राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर असते. मात्र श्रमदानाचे फोटो काढून परतणाऱ्या शिबिरातून फारसे हाती लागत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे.

उत्तर 2 : ताई, या भागाचे खरे वैशिष्ट्य ग्रामसभा हे आहे. वनहक्क कायद्याखाली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि त्यानंतर जिल्ह्यातील कितीतरी ग्रामसभा बांबू व तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः पाहू लागल्या. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ऐन उन्हाळ्यात फळीवर (तेंदूपत्ता संकलन केंद्रावर) बसून 70 पानांचा एक पुडा याप्रमाणे मजुरांची नोंद तपासावी, मजुरीचा हिशेब जुळवावा आणि तो ग्रामसभेपुढे वाचून दाखवावा. एवढी प्रत्यक्ष लेखापरीक्षा मोठ्या शहरातल्या महाविद्यालयात क्वचितच वाट्याला येते.

उत्तर 3 : वरील मताशी सहमत आहे; फक्त सर्वेक्षण करून गेलेले विद्यार्थी अहवाल घेऊन पुन्हा फिरकत नाहीत, ही गावकऱ्यांची तक्रार रास्त आहे. शिवाय गोंडी किंवा माडिया भाषा येत नसेल, तर स्थानिक सहाध्यायी सोबत घेतल्याशिवाय जाऊ नये.